ई-कॅट: उत्प्रेरक राहू द्या, आधी वाफ मोजा

इटलीच्या आन्द्रेआ रॉसी यांनी जानेवारी 2011मध्ये तिथल्याच बोलोन्यात ई-कॅट हे निकेल-हायड्रोजन यंत्र दाखवलं, दिलेल्या विजेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता ते अणुक्रियेतून देतं असा दावा केला आणि सगळ्यांची नजर त्यातल्या गुप्त उत्प्रेरकावर खिळली. 2015च्या अमेरिकी पेटंटात मात्र इंधन उघड लिहिलंय: निकेल पूड, लिथियम, लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड. हे हायड्राइड तापलं की हायड्रोजन सोडतं, ही तर साधी रासायनिक क्रिया.

खरी गोम उष्णता मोजण्यात आहे. यंत्र पाणी तापवून वाफ करतं आणि त्या वाफेवरून उष्णतेचा हिशेब होतो. 20 अंशांचं 1 किलो पाणी उकळीला आणायला सुमारे 335 किलोज्यूल लागतात, त्याची पूर्ण वाफ करायला आणखी 2257. नळीतून गरम पाणीच वाहत असेल आणि हिशेबात सगळी कोरडी वाफ धरली, तर उष्णतेचा आकडा साडेसात पटींहून जास्त फुगतो. आर्द्रतामापकाने हे पकडता येत नाही. वाफ वजन केलेल्या थंड पाण्यात सोडायची, मग वजन आणि तापमान किती वाढलं ते बघायचं.

2014मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत झालेल्या ई-कॅटच्या चाचणीत यंत्राच्या ॲल्युमिना (सिरॅमिक) नळीचं तापमान इन्फ्रारेड कॅमेऱ्याने घेतलं. ॲल्युमिनाची उत्सर्जकता, म्हणजे तापलेला पृष्ठभाग किती प्रमाणात किरण सोडतो ते, चुकीची धरली की तिथेही घोळ. बिनइंधनाची नळी त्याच तापमानापर्यंत चालवून दाखवल्याशिवाय या यंत्रावर पैसे लावू नका.