मेंदूचे स्कॅन जुळवायला अँट्स घ्यावं की फ्रीसर्फर?

तीस जणांचे एमआरआय समोर आले की पहिली अडचण हीच: कुणाचं डोकं लांबट, कुणाचं रुंद, आणि मेंदूच्या घड्या तर जुळ्या भावंडांच्याही सारख्या नसतात. सगळे एका साच्यावर, म्हणजे सरासरी मेंदूच्या नमुन्यावर, बसवल्याशिवाय तुलना होत नाही.

अँट्स आणि फ्रीसर्फर ही दोन्ही हेच काम करणारी सॉफ्टवेअर. अँट्स आख्खा मेंदू एकसंध घन वस्तू म्हणून हाताळतं. आधी तो सरकवायचा, फिरवायचा, ताणायचा, मग जागोजागी हलकेच वाकवायचा. 2009 साली मेंदू असा वाकवून जुळवण्याच्या 14 पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा अँट्समधली ‘सिन’ पद्धत आघाडीवर होती. थॅलॅमससारख्या खोल भागांवर काम असेल तर फार विचार करू नका, अँट्सच घ्या.

कॉर्टेक्ससाठी, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या घड्यांच्या थरासाठी, मात्र माझा कौल फ्रीसर्फरला. कागद चुरगळला की लांबचे दोन ठिपके एकमेकांना चिकटतात, तसंच मेंदूत होतं. मधल्या मोठ्या खाचेची पुढची भिंत हात हलवते, मागची भिंत हाताला झालेला स्पर्श ओळखते. दोन्हींत अंतर जेमतेम काही मिलिमीटर. घनाकृतीत 8 मिलिमीटरचं स्मूदिंग (शेजारच्या बिंदूंची सरासरी काढून चित्र मऊ करणं) लावलंत की दोघींचे संकेत एकमेकांत मिसळलेच. फ्रीसर्फर प्रत्येक अर्धगोल फुगवून चेंडूसारखा करतं, खाचेवर खाच जुळवतं आणि स्मूदिंगही पृष्ठभागावरूनच करतं. त्यासाठी प्रत्येक स्कॅनमागे काही तास मोजावे लागतात, आणि मोठी गाठ किंवा पक्षाघाताचा व्रण असेल तर फ्रीसर्फरने आखलेली कॉर्टेक्सची सीमारेघ चुकते. ती हाताने दुरुस्त करायची तयारी ठेवा.

साच्याचा प्रश्न मात्र बहुतेक जण विचारतच नाहीत. सगळीकडे चालणारा एमएनआय (मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटचा) साचा पाश्चात्त्य मेंदूंच्या सरासरीवर बेतलेला आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 100 भारतीयांच्या स्कॅनवरून साचा केला, तेव्हा आपला मेंदू सरासरीने लहान निघाला. बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेनेही 6 ते 60 वयासाठी वेगवेगळे साचे दिलेत. तुमचे सगळे स्कॅन इथलेच असतील तर हेच वापरून पाहा. निष्कर्ष परदेशी अभ्यासांशेजारी ठेवायचे असतील तर शेवटी एमएनआयवर यावंच लागेल.

आणि डावं-उजवं आधीच पक्कं करा. उलटा झालेला मेंदूही साच्यावर छान बसतो, नुसतं बघून कळत नाही. म्हणून स्कॅन घेतानाच उजव्या कानशिलावर ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवा. चित्रात ती पांढरी चमकते.