मॉनिटरमागची एलईडी पट्टी: पांढरी, रंगीत की पडद्याबरोबर नाचणारी?

खोक्यावर नुसते ‘हवे तसे रंग बदला’ असे छापलेले असते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. या एका ओळीखाली तीन निराळ्या वस्तू विकल्या जातात. एक पट्टी अख्खी एका वेळी एकाच रंगाची होते. दुसरीत दर दिव्याला वेगळा रंग देता येतो. तिसरी पडद्यावरच्या चित्राचे रंग उचलून भिंतीवर टाकते. शिवाय एक चौथी आहे, बिनरंगाची, फक्त पांढरी. रात्री उशिरापर्यंत एक्सेल नाहीतर कोड बघत बसणाऱ्या बहुतेकांना खरी गरज तिचीच असते, म्हणून आधी तिचे बघू.

अंधाऱ्या खोलीत पडदा लख्ख आणि भोवतीची भिंत काळीकुट्ट असली की डोळे लवकर शिणतात. मागून मंद उजेड दिला की तो फरक कमी होतो. सिनेमा-टीव्हीचे रंग तपासणारी मंडळी हेच करतात आणि त्यांचा पांढरा ठरलेला आहे: ६५०० केल्विन, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा. आपले मॉनिटरही साधारण त्याच पांढऱ्यावर बेतलेले असल्यामुळे पडदा आणि भिंत जुळतात. उजेड फार नको, पडद्याच्या पांढऱ्याच्या दहाव्या हिश्शाइतका पुरतो. फोटो एडिट करणाऱ्यांनी सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९०च्या वर आहे का तेवढे बघावे. मात्र संध्याकाळनंतर विंडोजचा नाइट लाइट लावायची सवय असेल तर पडदा पिवळट होतो आणि भिंत उगीच निळी वाटायला लागते. अशांनी वॉर्म-कूल दोन्ही चिप असलेली, टोन बदलणारी पांढरी घ्यावी. पट्टी ५ व्होल्टची असेल तर मॉनिटरच्याच यूएसबीत खोचून टाका, मॉनिटरबरोबर चालू-बंद होते. काही मॉनिटर बंद केल्यावरही यूएसबी चालू ठेवतात, ती सेटिंग मेनूत सापडते.

आता रिमोटवाली रंगीत. सगळ्यात जास्त खपते ती हीच, आणि माझे मत तिच्याबद्दल सगळ्यात वाईट आहे. हिचा पांढरा लाल-हिरवा-निळा मिसळून बनतो, त्यामुळे तो कधी निळसर, कधी गुलाबी दिसतो आणि वाचायला बसले की खुपतो. रिमोटचे तर विचारूच नका. माझे टेबल हॉलच्या कोपऱ्यात आहे. गणपतीत मखराला अशीच एक पट्टी लावली होती, दुसऱ्या कंपनीची. ऐन आरतीत मी मॉनिटरमागचा उजेड कमी करायला बटण दाबले आणि मखर लाल-निळे लुकलुकायला लागले. टाळ वाजवता वाजवता सगळे माझ्याकडे बघत होते. अशा स्वस्त कंट्रोलरचे इन्फ्रारेड कोड सर्रास सारखेच असतात, एकाचा रिमोट दुसऱ्याला चालतो. रंग हवेच असतील तर निदान वेगळी पांढरी चिप असलेली आरजीबीडब्ल्यू बघा. आणखी एक तपासणी दुकानातच करून घ्या: उजेड कमी करून फोनचा कॅमेरा पट्टीवर धरा. फोनच्या पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर ती भरभर चालू-बंद होऊन मंद होते आहे. काहींचे त्याने डोके चढते.

दर दिव्याला वेगळा रंग देणाऱ्या पट्टीला बाजारात अ‍ॅड्रेसेबल म्हणतात. त्यातली सर्रास मिळणारी म्हणजे डब्ल्यूएस२८१२बी. खरी मजा हिच्यात आहे आणि डोकेदुखीही. हिशोब मांडून बघा. २७ इंची मॉनिटर सुमारे ६० बाय ३४ सेंटिमीटरचा असतो. कडेपासून ५ सेंटिमीटर आत चारही बाजूंनी फिरवली तर दीड मीटर पट्टी लागते. मीटरला ६० दिवे, म्हणजे ९०. पूर्ण पांढऱ्यावर दर दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे एकूण ५.४ अँपिअर. यूएसबी २चे पोर्ट ५०० मिलिअँपिअर देते, यूएसबी ३चे ९००. त्यामुळे ‘यूएसबीवर चालते’ हे दुकानदाराचे बोलणे खरे असले तरी ती पूर्ण उजेडात चालणार नाही. ५ व्होल्ट, ६ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर घ्या, किंवा ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डावर डब्ल्यूएलईडी हे दिवे चालवणारे सॉफ्टवेअर टाका. ते फुकट मिळते, ब्राउझरमधून चालते, अकाउंट मागत नाही आणि त्यात करंटला मर्यादा घालायची सोय आहे. दोन-तीन तारांना डाग द्यावा लागतो, तेवढी तयारी हवी. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सामान सुटे मिळते.

डेस्कटॉप असेल तर पट्टी थेट मदरबोर्डलाही जोडता येते. पण ३ पिनांचे पोर्ट ५ व्होल्टचे असते आणि ४ पिनांचे १२ व्होल्टचे. ५ व्होल्टची पट्टी बळेच १२ला लावली की ती गेलीच. विंडोज ११ मध्ये २०२३पासून डायनॅमिक लायटिंग, म्हणजे असे दिवे विंडोजच्याच सेटिंगमधून चालवायची सोय, आले आहे, ते चालणारे उपकरण असेल तर कंपनीचे वेगळे अ‍ॅप टाळता येते. मी एकदा तयार संच घेतला होता. त्याच्या अ‍ॅपला आधी ईमेल हवा होता, मग फोनचे लोकेशन. दिवा लावायला लोकेशन कशाला, हे काही मला अजून कळलेले नाही.

पडद्याबरोबर रंग बदलणारी घ्यायची तर ती रंग कुठून उचलते ते आधी विचारा. कॉम्प्युटरमधले सॉफ्टवेअर उचलत असेल तर गेमला झकास, पण कॉपीसंरक्षण असलेला ओटीटीवरचा सिनेमा त्याला बऱ्याचदा काळा दिसतो आणि भिंतही काळी राहते. कॉम्प्युटर आणि मॉनिटरच्या मध्ये, एचडीएमआयच्या वायरीवर, रंग उचलणारा डबा बसवला तर ती अडचण जाते, मात्र खिशाला चाट बसते आणि मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर चालवत असाल तर डबा बिनकामाचा. तिसरी पद्धत कॅमेऱ्याची. तो मॉनिटरवर बसून पडद्याकडे बघत राहतो, सिग्नल कुठलाही असो. खोलीतला दिवा लावला की त्याचे रंग मात्र चुकतात. ऑफिसचे काम त्याच पडद्यावर होत असेल तर असा कॅमेरा टेबलावर चालेल का, हे ऑफिसलाच विचारलेले बरे. माझा भाचा रात्री फक्त गेम खेळतो. त्याला मी सॉफ्टवेअरवालीच सुचवली आणि तो खूश आहे. मी स्वतः मात्र तसल्या नाचत्या भिंतीसमोर दहा मिनिटेही ईमेल लिहू शकले नाही.

भिंत पिस्ता रंगाची असेल तर कुठलाही पांढरा पिस्ताच दिसणार, तिथे महागड्या सीआरआयवर पैसे घालवू नका. मॉनिटर भिंतीला अगदी चिकटलेला असेल तर उजेड पसरत नाही, नुसती कडेची रेघ दिसते. वीतभर अंतर असेल तर छान पसरतो. कापताना कात्रीच्या खुणेवरच कापा. १२ व्होल्टच्या साध्या पट्टीत ती खूण दर तीन दिव्यांनी येते. मागच्या चिकटपट्टीवर विसंबू नका. माझी पहिली पट्टी जुलैच्या दमट हवेत एका बाजूने सुटली आणि रात्री मीटिंग चालू असताना कॅमेऱ्यासमोर लोंबत आली. आता पाठ स्पिरिटने पुसून, वाळवून, कोपऱ्यांना प्लॅस्टिकच्या क्लिपा लावल्या आहेत.