गुरूचा अतिनील ऑरोरा: हबलचा डेटा घ्यावा की ज्यूनोचा?

गुरूच्या ध्रुवांवर वेगवान इलेक्ट्रॉन आदळतात, तिथला हायड्रोजन उत्तेजित होतो आणि अतिनील प्रकाश टाकतो; हाच ऑरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश. अणूची ठळक रेषा लायमन-अल्फा, १२१.६ नॅनोमीटरवर. रेणूचे लायमन आणि वर्नर पट्टे साधारण १७० नॅनोमीटरपर्यंत पसरलेले. यातलं काहीच आपल्या वातावरणातून जमिनीपर्यंत पोचत नाही. म्हणून एम.एस्सी.च्या प्रकल्पाला हा विषय घेणाऱ्याला अवकाशातलाच डेटा लागतो. पृथ्वीभोवती फिरणारी हबल दुर्बीण आणि गुरूभोवती फिरणारं ज्यूनो यान, दोघांचाही फुकट मिळतो.

पहिलाच प्रकल्प असेल, तर मी हबल सुचवेन. त्यावरचं एसटीआयएस हे चित्रं आणि वर्णपट घेणारं उपकरण १९९७ मध्ये बसवलं. मधली २००४ ते २००९ ही बंद वर्षं सोडली, तरी नोंद लांबलचक आहे. चित्रं रेखीव असतात: ऑरोराचं मुख्य वलय तर दिसतंच, शिवाय आयो आणि गॅनिमीड या चंद्रांमुळे उमटणारे ठिपकेही वेगळे ओळखता येतात. टाइम-टॅग पद्धतीत प्रत्येक फोटॉनची वेळ नोंदलेली असते, त्यामुळे काही सेकंदांची लखलखही सापडते. मात्र लायमन-अल्फावरच काम करायचं असेल तर हबल अवघड. पृथ्वीभोवतीचा हायड्रोजन त्याच रेषेत चमकतो आणि हबल त्याच्या आतच फिरते. ती चमक टाळायला बरीच चित्रं स्ट्रॉन्शियम फ्लोराइडच्या फिल्टरमधून घेतलेली आहेत, म्हणजे त्यांत उरतो तो मुख्यतः रेणूंचा प्रकाश.

हबलला गुरूची रात्रीची बाजू कधीच दिसत नाही. २०१६ पासून ध्रुवीय कक्षेत असलेल्या ज्यूनोला ती दिसते, आणि पहाटेच्या बाजूला भडकणारी ऑरोरा-वादळं रात्रीच्या बाजूलाच सुरू होतात हे त्यामुळेच कळलं. हा शोध मला फार मोलाचा वाटतो. ज्यूनोचं यूव्हीएस हे अतिनील उपकरण ६८ ते २१० नॅनोमीटरचा वर्णपट घेतं. सुमारे १४० नॅनोमीटरखालचा प्रकाश खोलवरचं मिथेन शोषतं, म्हणून या सीमेच्या खालच्या-वरच्या तेजाचं गुणोत्तर काढलं की इलेक्ट्रॉन किती खोल शिरले याचा अंदाज बांधता येतो. पण यान तीस सेकंदांत एक गिरकी घेतं आणि चित्र पट्टीपट्टीने जुळवावं लागतं. शिवाय किरणोत्साराचा गोंगाट डेटातून वजा करायचा. हाताशी एकच सत्र असेल तर हे जड जातं.

आकार नको, नुसती एकूण तेजाची आठवडेच्या आठवडे चढउतार हवी असेल, तर जपानच्या हिसाकी या अवकाश दुर्बिणीचा डेटा बघा.

दोन्हींचा मोह सुटत नसेल, तर २०१६ च्या मे ते जुलैमधली निरीक्षणं काढा. ज्यूनो गुरूकडे येताना सौरवारा मोजत होतं आणि त्याच काळात हबल ऑरोरा टिपत होतं.