आठ महिने मिनी पीसीवर लिनक्स : चिप ठीक आहे, अडॅप्टर बघा

इंटेलच्या एन१०० चिपवाला हा मिनी पीसी नोव्हेंबरात साडेतेरा हजारांना आला. तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, मे महिन्यात शून्य. आज साडेतीन देतो. कापलेला दीड गुण सबंध सोबत आलेल्या काळ्या अडॅप्टरच्या नावावर आहे. एवढ्याशा वस्तूसाठी दीड गुण जास्त वाटेल, पण पूर्ण पाच आठवडे त्या अडॅप्टरने खाल्लेत.

एन१०० काय आहे हे सांगत बसत नाही. चार कोर, चार थ्रेड, कागदावर ६ वॉट. वेब आणि बॅकएंडच्या कामाला, दोन-तीन कंटेनर आणि एक पोस्टग्रेस डेटाबेस चालवायला भरपूर. सी++ किंवा रस्टचा मोठा प्रकल्प असेल तर बिल्ड (कोडमधून चालणारा प्रोग्राम बनवणं) लावून चहा ठेवा, चहा आधी होतो. मेमरीचा चॅनेल एकच आणि स्लॉटही एकच, म्हणून ८ जीबीवाला घेऊन पुढे वाढवू म्हणण्यात पैसे वाया जातात, जुनी पट्टी काढून ठेवावीच लागते. शक्य असेल तर रॅम-एसएसडीशिवायचा खोका घ्या आणि १६ जीबीची पट्टी वेगळी टाका. ८ जीबीवरच राहायचं असेल तर झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून जागा करणारी सोय) चालू करा आणि लिंकिंगच्या, म्हणजे तयार तुकडे जोडण्याच्या, वेळी समांतर कामं दोनवर आणा. नाहीतर शेवटच्या टप्प्यात मेमरी संपते, कर्नल (लिनक्सचा गाभा) कंपायलरलाच मारून टाकतो आणि चूक कोडची वाटते.

वाय-फायचं कार्ड रिअलटेक ८८५२बीई निघालं. त्याचा ड्रायव्हर कर्नल ६.२ पासून आहे आणि डेबियन १२ सोबत येतो ६.१, म्हणून इन्स्टॉलरला वाय-फाय दिसतच नाही. लॅनची वायर लावा, किंवा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, आणि बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजं ठेवलेला साठा) नवा कर्नल घ्या. उबुंटू २४.०४ किंवा डेबियन १३ घेतलं तर हा प्रश्नच येत नाही. सोबत आलेली बिननावाची एसएसडी मोठी फाइल लिहिताना थोड्याच वेळात हार्ड डिस्कच्या वेगावर उतरते. ती बदलावी लागणार हे धरूनच किंमत काढा.

आता मुद्द्याकडे.

ग्वाल्हेरचा उन्हाळा माहीत असलेल्यांना सांगायला नको. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर, दुपारभर लू, म्हणजे गरम वारा, संध्याकाळी आंधी, आणि आंधी आली की लाइट गेलीच. शहराच्या लश्कर भागातल्या जुन्या घरांत दगडी पाटियांचं छत रात्री अकरापर्यंत तापलेलं असतं. त्यामुळे एप्रिलअखेर मशीन अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं तेव्हा पहिला संशय गरमीवर गेला. तळाचे रबरी पाय काढून चार स्क्रू खोलले, पंख्याच्या पात्यांवरचा धुळीचा थर ब्रशने काढला, चिपवरची थर्मल पेस्ट बदलली. फुल लोडवर ९१ असलेलं तापमान ८२ वर आलं. रीस्टार्ट तसेच चालू.

मग रॅम. मेमटेस्ट रात्रभर चालवला, एक चूक नाही. मग कर्नल, मागचा-पुढचा दोन्ही लावून पाहिले. हा सगळा वेळ फुकट गेला, कारण खूण पहिल्या दिवसापासून समोर होती: मशीन बंद पडायचं ते बिल्ड सुरू झाल्यापासून पहिल्या अर्ध्या मिनिटात. दहा-पंधरा मिनिटं तापून पडलं असं एकदाही झालं नाही.

हा फरक नीट समजून घ्या, बाकी सगळं यातूनच उलगडतं. गरमी झाली की इंटेलची चिप आधी वेग कमी करते. एन१०० ची मर्यादा १०५ अंश आहे, तिथवर पोचली की लॉगमध्ये थ्रॉटलिंगच्या (वेग उतरवल्याच्या) ओळी येऊ लागतात. लगेच बंद पडत नाही. उलट बूस्टची (थोडा वेळ जास्त वीज ओढून वेग वाढवण्याची) गंमत अशी की चिपला दोन मर्यादा असतात: एक कायमची, आणि एक थोड्या वेळाची, साधारण २८ सेकंदांची. या खोक्यात कायमची १५ वॉट आणि थोड्या वेळाची २५ ठेवलेली आहे. म्हणजे बिल्ड सुरू होताच पहिली २८ सेकंदं चिप २५ वॉट ओढते. त्यात एसएसडी, पंखा, यूएसबीला लावलेली बाहेरची डिस्क आणि अंतर्गत तोटा धरला की भिंतीवरचा मीटर ३३-३५ दाखवतो. अडॅप्टर आहे १२ व्होल्ट ३ अँपिअर, म्हणजे ३६ वॉट. नवा असताना काठावर पास. उन्हाळ्यात सहा महिने वापरलेला असताना नापास.

खात्री अशी करून घ्या. आधी मागच्या बूटचा लॉग बघा, 'जर्नलसीटीएल -बी -१'. शेवटची ओळ काहीतरी किरकोळ असेल आणि त्यापुढे शटडाउनचा मागमूस नसेल, तर वीज तुटली आहे. मग चिपची मर्यादा तात्पुरती उतरवा. 'सिस/क्लास/पॉवरकॅप' खाली 'इंटेल-रॅपल:०' नावाचा फोल्डर आहे. त्यात 'कॉन्स्ट्रेंट_०' ची पॉवर-लिमिट फाइल म्हणजे कायमची मर्यादा, 'कॉन्स्ट्रेंट_१' ची थोड्या वेळाची. आकडा मायक्रोवॉटमध्ये लिहायचा, म्हणजे १२ वॉटसाठी १२००००००, रूट होऊन. दोन्हींत १२ टाका आणि चिपवर मुद्दाम ताण देणारा 'स्ट्रेस-एनजी' चारही कोरवर दोन तास सोडा. इथे एकदाही पडलं नाही. परत २५ केलं, अकराव्या सेकंदाला काळा पडदा.

तरी मीटर लावून बघितलेलं बरं, कारण सर्व्हिसवाल्याशी भांडायला आकडा लागतो. सीसीटीव्हीच्या दुकानात डीसीची हिरव्या स्क्रूवाली पिन मिळते, नर आणि मादी अशी जोडी. दोन्ही एका वीत लांबीच्या वायरने जोडा. ही जोडी अडॅप्टर आणि मशीनच्या मध्ये घातली की स्क्रूंवर मल्टिमीटरची टोकं टेकवून चालू मशीनचं व्होल्टेज वाचता येतं. नुसता अडॅप्टर मोजू नका, रिकाम्यावर तो १२.१ दाखवतो आणि शहाण्यासारखा बसतो. लोडवर हाच अडॅप्टर १०.८ पर्यंत खाली आला. ११.४ च्या खाली गेला तर तो कचरा समजा. आणि साधा मीटर हळू असतो, व्होल्टेजची खरी खाच त्याहून खोल असते.

सर्व्हिसचं उत्तर ठरलेलं होतं: लिनक्सला सपोर्ट नाही, विंडोज टाकून दाखवा. मीटरचा फोटो पाठवल्यावर म्हणे पूर्ण मशीन दिल्लीला पाठवा, कुरिअर तुमचं, आणि अडॅप्टर 'अॅक्सेसरी' असल्याने त्याची वॉरंटी सहाच महिने. कुरिअरचा खर्च नव्या अडॅप्टरहून जास्त. हात जोडले आणि बाड्यावरच्या बाजारात नवा शोधला.

इथे पुढची चूक होते. या मशीनची पिन ५.५ बाय २.५ मिलिमीटर आहे. सीसीटीव्हीचे आणि राउटरचे बहुतेक अडॅप्टर ५.५ बाय २.१ चे असतात, ते आत शिरतच नाहीत, कारण मधली दांडी जाड पडते. मोजायच्या जोडीलाही हेच लागू, २.५ ची मागून घ्या. दुकानदार काउंटरमागून दुसरा काढतो आणि म्हणतो, "ये लगेगा भैया, देख लो." लागतोही, अगदी घट्ट. फक्त तो लॅपटॉपचा १९ व्होल्टचा असतो, कारण कित्येक लॅपटॉपची पिन नेमकी हीच आहे. तो लावला की मशीनच जायचं. पिन बसली यावर जाऊ नका, लेबल वाचा: व्होल्ट १२ च हवेत, अँपिअर जास्त चालतात. १२ व्होल्ट ५ अँपिअर, २.५ ची पिन, साडेचारशे रुपयांत मिळाला. लोडवर ११.९. त्या दिवसापासून रीस्टार्ट बंद, २५ वॉटवरसुद्धा.

म्हणजे एप्रिलमध्ये "हे मशीन आपल्याकडच्या उन्हाळ्यासाठी नाही" असं जे मत झालं होतं ते चुकीचं होतं. मशीन चालतं. सोबतचा अडॅप्टर चालत नाही, कारण असे स्वस्त अडॅप्टर ४० अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असतात आणि इथे तो टेबलामागे, भिंतीला चिकटून, गादीच्या कडेखाली दबलेला असतो. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकत जातात. दर दहा अंशांनी त्यांचं आयुष्य साधारण अर्धं होतं.

आणि एक खूण त्याच्याही महिनाभर आधी दिसली होती. लाइट जाऊन इन्व्हर्टर चालू होताना आधी मशीनला काही कळायचं नाही, मार्चपासून ते दरवेळी बंद पडायला लागलं. दोष इन्व्हर्टरचा वाटला. खरं तर त्या क्षणभराच्या खंडात अडॅप्टरने आपल्या साठवणीवर मशीन सांभाळायचं असतं, आणि ती साठवण आटत चालली होती. तुमच्याकडे असं सुरू झालं असेल तर आधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघा. ते असूनही होत असेल तर अडॅप्टर मोजा.

अशा झटक्यांचा खरा त्रास गिटला (कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या प्रोग्रामला) होतो. नुकतंच कमिट केलं आणि वीज गेली की 'ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी' अशी तक्रार येते. रिकाम्या फाइली काढून, 'गिट एफएससीके' चालवून, रिमोटवरून परत ओढावं लागतं. बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय लावला असेल तर आंधीच्या दिवशी मशीन दहा वेळा चालू-बंद होतं. इथे तो मुद्दाम बंद ठेवला आहे. आणि बायोसची बटनसेल कमजोर असेल तर तारीख मागे जाते, मग पॅकेजं बसवणारं 'एप्ट' म्हणतं की रिलीज फाइल अजून वैध नाही. गोंधळू नका, घड्याळ बघा. सेल सीआर२०३२ च आहे, फक्त दोन तारांच्या कनेक्टरवर चिकटवलेली.

राउटरच्या मिनी यूपीएसवर हे चालवता येतं का, हे सगळे विचारतात. येतं, अटींवर. त्यावर २ अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे २४ वॉट, तेव्हा कायमची मर्यादा १० आणि थोड्या वेळाची १२ वॉटवर ठेवावीच लागते. बूटच्या वेळी ती सेट करणारी छोटी सिस्टमडी सर्व्हिस लिहा, ज्यात त्या दोन फाइलींत आकडा लिहिण्याच्या दोन ओळी. चार २००० एमएएचचे सेल म्हणजे जवळपास ३० वॉट-तास, तोटा वजा जाता २५. नुसतं एडिटर उघडून बसाल तर दोन-अडीच तास, बिल्ड करत राहाल तर तासाभराहून थोडं जास्त. काही स्वस्त मिनी यूपीएस मात्र बॅटरीचं व्होल्टेज जसंच्या तसं बाहेर सोडतात, सेल उतरले की १२ चे १० होतात. घेण्याआधी भिंतीची वायर काढून, बॅटरीवर, लोडसकट मोजा.

१२ वॉटवर बिल्डला थोडा जास्त वेळ लागतो, पण पंखा ऐकू येत नाही. सध्या तेच कायम ठेवलं आहे. बिल नगण्य: रिकामं असताना ७ वॉट, महिनाभर अखंड चालू ठेवलं तर पाच युनिट. जुना टॉवर ६० वॉटवर बसून ४३ युनिट खायचा. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. खाऱ्या पाण्याचा पांढरा थर पंख्यावर बसतो आणि तो ब्रशने निघत नाही.

जुना अडॅप्टर फेकवेना, म्हणून शिवणीवर हातोडीने हलके ठोकत उघडला. आत जाण्याआधी तो रात्रभर प्लगमधून काढून ठेवा, ४०० व्होल्टच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो. आउटपुटच्या बाजूचे दोन्ही १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचे कपॅसिटर वरून फुगलेले होते. त्या जागी २५ व्होल्ट १०५ अंशवाले, कमी ईएसआरचे (आतला रोध कमी असलेले) लावले, मोठाही त्याच मापाचा नवा टाकला. तिन्ही मिळून साठ रुपये. २५ वॉटच्या बूस्टवर आता ११.८ देतो. झाकण सुपरग्लूने चिकटवलं, वर स्केचपेनने तारीख टाकली, आणि तो मिनी यूपीएसच्या पेटीत पडून आहे.