टोइकचं ऑफिशियल सराव पुस्तक, सात महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, आयेल्ट्स किंवा टोफेलच्या तयारीसाठी आला असाल तर हे तुमच्या कामाचं नाही. ही टोइकची गोष्ट आहे, म्हणजे ऑफिसातल्या इंग्रजीची ऐकण्या-वाचण्याची परीक्षा, आणि टोइक भारतात सहसा कोणी विचारत नाही. मीपण टोकियोला येईपर्यंत नाव ऐकलं नव्हतं. इथे मात्र लोक रिझ्युमेत ड्रायव्हिंग लायसन्सच्या खाली टोइकचा स्कोअर लिहितात. राकुतेन या ऑनलाइन खरेदीवाल्या मोठ्या जपानी कंपनीने तर २०१२ मध्ये ऑफिसची भाषाच इंग्रजी करून टाकली आणि तिथे ९९० पैकी ८०० ची अट असते. आमची कंपनी एवढी मोठी नाही, मशीन डिझाइनचं काम, पण प्रमोशनच्या फॉर्मवर ७३० पाहिजेत असं लिहिलेलं. मी जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू लेव्हल पास, मीटिंगा जपानीत करतो, आणि एचआर म्हणतंय इंग्रजीचा पुरावा आणा.

म्हणलं आपण भारतीय, इंग्रजीचं काय टेन्शन. तयारी न करता गेलो सप्टेंबरमध्ये. ६८५. त्यात लिसनिंग ३१० आणि रीडिंग ३७५. बाजूच्या डेस्कवरचा जपानी पोरगा, जो फोनवर इंग्रजीत 'हॅलो' म्हणायलापण घाबरतो, त्याचे ८१०. आता मी कराडला मराठी मिडियममध्ये शिकलेला, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून, पण इंजिनिअरिंग इंग्रजीत केलं, दहा वर्षं ईमेल इंग्रजीत लिहिले, त्यामुळे जरा लागलंच. त्याच आठवड्यात सराव पुस्तक घेतलं, नंतर त्याच सिरीजचा अजून एक भाग घेतला, आणि मधल्या काळात मोहात पडून एका अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शनपण घेतलं, त्याबद्दल पुढे.

पुस्तकात काय असतं तर दोन पूर्ण पेपर, उत्तरपत्रिका, आणि उत्तरांचं वेगळं पुस्तक. माझ्या भागांसोबत सीडी आली होती आणि ऑडिओ मोबाइलवर डाउनलोडपण करता येतो, बरंय, कारण घरात सीडी ड्राइव्ह कोणाकडे राहिलाय. किंमत तीन हजार येनच्या वर, म्हणजे दोनच पेपरांचे एवढे पैसे घेतात असं आधी वाटतं. पण परीक्षेची फी तेव्हा ७८१० येन होती, ती एकदा वाया घालवून झाली होती माझी.

एवढ्या किमतीत खरी विकत घ्यायची गोष्ट म्हणजे आवाज. परीक्षेत जी माणसं बोलतात तेच आवाज पुस्तकाच्या ऑडिओत आहेत, अमेरिकन, कॅनडियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन. महिनाभरात ती माणसं ओळखीची होतात, त्यातल्या एका ऑस्ट्रेलियन बाईला मी 'टुडाय मावशी' नाव ठेवलं कारण तिचा 'टुडे' तसाच येतो. तिचा सोमवारसुद्धा 'मंडाय' असतो. सुरुवातीला मला ती अजिबात कळायची नाही, आता घरात लागली की माझी मुलगी तिची नक्कल करते.

पेपरची रचना सांगून ठेवतो म्हणजे पुढचं कळेल. दोन तासांत २०० प्रश्न. पहिली ४५ मिनिटं लिसनिंगचे १००, मग ७५ मिनिटं रीडिंगचे १००, ग्रामर त्या रीडिंगमध्येच येतं. दोन्हीचे ४९५-४९५ मिळून ९९०. पास-नापास नाही, चुकीचे मार्क कापत नाहीत. ऑडिओ एकदाच लागतो, आणि इथे जपानात प्रश्नपत्रिकेवर पेन्सिलची रेघसुद्धा मारायची नाही, हे लक्षात ठेवा, शेवटी परत येईल.

लिसनिंगमध्ये माझी दांडी कुठे उडत होती ते पहिल्या पेपरच्या उत्तरांवरून कळलं. दुसऱ्या भागात २५ प्रश्न असतात आणि कागदावर काहीच छापलेलं नसतं, एक वाक्य ऐकायचं, तीन उत्तरं ऐकायची, गोल काळा करायचा. मी काय करायचो, प्रश्नातला शब्द ज्या उत्तरात परत ऐकू येईल ते निवडायचो. नेमका तोच सापळा. प्रश्नात 'कॉपी' असेल तर एका उत्तरात 'कॉफी' हमखास. आणि बरोबर उत्तर सरळ कधी येईल तर शपथ. मीटिंग किती वाजता आहे असं विचारलं की बरोबर उत्तर असतं 'मला बोलावलेलं नाही'. म्हणजे आपल्याकडे जेवायला काय केलंय विचारल्यावर 'डोकं दुखतंय' असं उत्तर येतं ना, अगदी तसं. हे एकदा डोक्यात बसल्यावर या भागातल्या माझ्या चुका दहावरून चारवर आल्या.

पहिल्या भागात फोटो असतात, सहाच, सोपे वाटतात. पण फोटोत रचून ठेवलेल्या खुर्च्या दिसतात, माणूस कोणी नाही, आणि आवाज म्हणतो 'द चेअर्स आर बीइंग स्टॅक्ट'. खुर्ची ऐकली, रचलेली ऐकली, केलं मार्क. चूक. 'बीइंग' म्हणजे आत्ता कोणीतरी रचतंय, मग माणूस दिसायला पाहिजे. हा 'बीइंग' ते लोक इतक्या पटकन बोलतात की कानाला 'बीन'च लागतो, आणि 'हॅव बीन स्टॅक्ट' असेल तर ते बरोबर. मी हे एकच वाक्य एका शनिवारी चाळीसेक वेळा लावलं असेल. हिने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं की खुर्च्या रचून झाल्या का एकदाच्या.

तिसऱ्या आणि चौथ्या भागात संवाद आणि भाषणं, प्रत्येकावर तीन प्रश्न. तिथे इंग्रजीपेक्षा वेळेचा खेळ आहे, संवाद सुरू व्हायच्या आत तिन्ही प्रश्न वाचून झाले पाहिजेत, उत्तर द्यायला मधे साधारण आठ सेकंद मिळतात त्यात उत्तरं रंगवून पुढचे तीन वाचायचे. एकावर अडकलात की पुढचे तीनही गेले. सोडायला शिका, मला हे शिकायला तीन महिने लागले. बाकी या परीक्षेची दुनिया मजेशीर आहे, फोटोकॉपीचं मशीन कायम बंद, पार्सल कायम उशिरा, आणि तरी कोणी कोणावर चिडत नाही. लगेच डिस्काउंट कूपन देतात.

आता ऐकायचं कसं, यात मी मोठी चूक केली. ऑफिसला निशी-कासाईहून ओतेमाचीपर्यंत तोझाई लाइनच्या मेट्रोने जातो, रोज इअरफोन घालून ऐकायचो. मिनामी-सुनामाची जवळ आलं की गाडी जमिनीखाली जाते आणि असा आवाज होतो की टुडाय मावशी बुडूनच जाते, म्हणून जरा महागातले, बाहेरचा आवाज बंद करणारे इअरफोन घेतले. एकदम स्वच्छ. घरी पेपर सोडवला तर लिसनिंगमध्ये शंभरात ८५. खूश. जानेवारीत परीक्षा दिली, ७४५, कंपनीचं काम झालं, पण लिसनिंग फक्त ३५५.

कारण परीक्षेत इअरफोन नसतात हो. युनिव्हर्सिटीच्या वर्गात पुढे स्पीकर लावतात, मी मागून दुसऱ्या ओळीत, हीटर चालू, शेजारचा नाक ओढतोय, शंभर माणसं एकदम पान उलटतात तो आवाज. शब्दांची शेवटची अक्षरं भिंतीवर आपटून परत येतात. 'कॅन' आहे की 'कान्ट' हे ब्रिटिश माणसाचं कळतं, अमेरिकन माणसाचं अशा वर्गात कळणं म्हणजे नशीब.

फेब्रुवारीपासून इअरफोन बंद केले. मोबाइल हॉलच्या एका टोकाला टीव्हीजवळ, मी दुसऱ्या टोकाला, स्वयंपाकघरातला पंखा चालू, मुलगी खेळतीये. रविवारी पोहे फोडणीला पडायची वेळ आणि माझा पूर्ण ४५ मिनिटांचा सराव मुद्दाम एकत्र ठेवला. घरातले वैतागले, पण नवीन प्रश्न सोडवण्यापेक्षा याचा जास्त उपयोग झाला असं माझं स्पष्ट मत आहे. तेच चार पेपर, मे महिन्यापर्यंत प्रत्येक सातआठ वेळा. उत्तरं पाठ होतात हे खरं, म्हणून उत्तर देतच नव्हतो, ऑडिओच्या मागून लगेच तसंच बोलायचं, इथे त्याला शॅडोइंग म्हणतात. जिथे जीभ अडते तिथेच कान अडलेला असतो.

ग्रामरचं वेगळं. पाचव्या भागात ३० गाळलेल्या जागा, त्यातल्या बऱ्याच वाक्याचा अर्थ न कळता सुटतात, चारही पर्याय एकाच शब्दाची रूपं असतात आणि जागा नामाची की विशेषणाची एवढंच बघायचं. 'डिस्पाइट' की 'ऑल्दो' यात मी आधी अर्थ लावत बसायचो, मराठीत 'पाऊस असूनही' आणि 'पाऊस असला तरी' दोन्ही चालतं. नियम एवढाच की पुढे नुसतं नाम आहे की पूर्ण वाक्य आहे. पाच सेकंद.

पण खरी मजा 'बाय' आणि 'अंटिल'ची. रिपोर्ट शुक्रवारपर्यंत द्या, दुकान शुक्रवारपर्यंत बंद आहे. आपल्याकडे दोन्हीला 'पर्यंत'. त्यामुळे मी दहा वर्षं ऑफिसच्या ईमेलमध्ये बिनधास्त 'सेंड अंटिल फ्रायडे' लिहीत आलो, कोणी काही बोललं नाही. पुस्तकातली स्पष्टीकरणं सगळी जपानीत आहेत, ते बघून आधी जिवावर आलं होतं. पण जपानीत या दोघांना वेगळे शब्द आहेत, त्या वेळेच्या आत उरकायचं असेल तर 'मादे नी' आणि तोपर्यंत चालू राहणार असेल तर नुसतं 'मादे'. एका ओळीत डोक्यात लख्ख. कराडच्या माणसाला इंग्रजीची गाठ जपानीने सोडवून दिली. ज्यांचं जपानी अजून कच्चं आहे त्यांना ही स्पष्टीकरणं जड जातील, एन-टूच्या खालची लेव्हल, एन-थ्रीच्या आसपास तरी हवं. नाहीतर ग्रामरसाठी इंग्रजीतलं वेगळं पुस्तक घ्या.

अ‍ॅपबद्दल. नाव घेत नाही. आवाज मशीनचे, इतके गुळगुळीत की कोणी श्वासच घेत नाही, ग्रामरचे प्रश्न तेच तेच फिरून येतात, आणि रोज रात्री अकराला नोटिफिकेशन की तुमची सलग दिवसांची साखळी तुटणार. मी साखळी वाचवायला झोपेत गोल दाबत होतो. शब्दसंग्रहाचा भाग बरा होता, इन्व्हॉइस, वॉरंटी, रीइम्बर्समेंट असले शब्द, पण ते आपल्याला ऑफिसमुळे माहीतच असतात. पैसे गेले, आणि वर्ष संपल्यावर आपोआप रिन्यू होऊ नये म्हणून सेटिंग शोधायला अर्धा तास गेला तो वेगळा.

सातव्या भागाला, म्हणजे उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात त्याला, वेळ पुरत नाही, ५४ प्रश्न आहेत. त्यामुळे पाचवा भाग दहा मिनिटांत संपवायचाच. शेवटी जे गोल उरतात ते न वाचता काळे करणं, याला इथली मुलं 'नुरिए' म्हणतात, म्हणजे चित्र रंगवणं. सप्टेंबरमध्ये मी १९ रंगवले होते, मे महिन्यात ५. हातात साधं घड्याळ घालून जा, स्मार्टवॉच चालत नाही.

मे महिन्याचा स्कोअर ८३५, लिसनिंग ४३०, रीडिंग ४०५. शेजारच्या डेस्कवाल्याच्या पुढे २५.

तर पुस्तक घ्यावं का? टोइक देणार असाल तर घ्याच, पण दोन भाग बास, पाच घेऊन कपाट भरू नका. मी माझे दोन्ही भाग पुण्याहून नुकताच आलेल्या एका पोराला दिले. परीक्षेत लिहायचं नाही म्हणून सरावालाही कधी पुस्तकावर पेन्सिल लावली नव्हती. त्याने पानं चाळली, कोरी करकरीत, आणि जरा चाचरतच विचारलं, "दादा, तुम्ही नक्की याच्यातूनच केलं ना?" मग उत्तरांच्या पुस्तकात त्याला हळदीचा डाग सापडला.