बुशी पार्कचं पार्करन: पहिल्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या दोघींसाठी

मी आणि माझी मैत्रीण येत्या एप्रिलमध्ये मँचेस्टरची मॅरेथॉन धावणार आहोत. दोघींचीही पहिलीच. लंडनच्या नैर्ऋत्येला किंग्स्टनच्या आसपास राहणारी मराठी मंडळी हल्ली विचारतात, तयारी कुठून सुरू करायची, क्लब लावायचा का, कोच हवाच का. मी सगळ्यांना एकच सांगते: आधी इथल्या बुशी पार्क या बागेतल्या पार्करनला या, आणि जमलं तर जोडीनं या.

पार्करन म्हणजे दर शनिवारी सकाळी नऊला बागेत होणारी पाच किलोमीटरची धाव, एक पैसा न घेता. संकेतस्थळावर एकदाच नाव नोंदवायचं आणि मिळालेला बारकोड दर वेळी सोबत न्यायचा. अंतिम रेषेपलीकडे हातात क्रमांकाचं टोकन पडतं, स्वयंसेवक दोन्ही स्कॅन करतात, मग ईमेलवर तुमची वेळ येते. बारकोड घरी राहिला तरी धावायला कुणी अडवत नाही, फक्त वेळ नोंदली जात नाही. सगळ्यांच्या मागून एक स्वयंसेवक ठरवून चालत येतो. त्यामुळे ‘आपण शेवटच्या आलो तर?’ ही धास्ती नवख्या माणसाला बाळगावीच लागत नाही.

पार्करनचा जन्म याच बागेतला, २ ऑक्टोबर २००४ चा. पॉल सिंटन-ह्यूइट यांना दुखापतीमुळे धावता येत नव्हतं, पण धावणाऱ्या मित्रांची संगत सोडवत नव्हती. म्हणून त्यांनी मित्रांसाठी पाच किलोमीटरची धाव भरवली. त्या दिवशी १३ जण धावले. आता एकट्या बुशीत हजारावर माणसं जमतात आणि वीसहून अधिक देशांत पार्करन होतं.

जोडीसाठी हे मला इतकं का आवडतं ते सांगते. माझी मैत्रीण पाच किलोमीटर २८ मिनिटांत धावते, मला ३५ लागतात. कायम एकत्र धावायचं म्हटलं तर तिची कुचंबणा होते आणि माझी दमछाक. शनिवारी ती पुढे जाते, मी माझ्या लयीत धावते, आणि शेवटी ती टाळ्या वाजवत उभी असते. रविवारच्या लांब धावेला मात्र ती माझ्या वेगानं येते. तिथे हळूच धावायचं असतं, बोलता येईल इतकं हळू, त्यामुळे तिचंही नुकसान होत नाही. मैत्री आणि सराव दोन्ही टिकवायचे असतील तर ही वाटणी मला फार मोलाची वाटते.

मॅरेथॉनचं ठरलं तेही बागेतल्या फेझंट्री कॅफेत, पार्करननंतरच्या चहावर. लंडन मॅरेथॉनच्या सोडतीत अर्ज दहा लाखांच्या वर गेलेत. “अगं, तुझा नंबर लागला आणि माझा नाही, तर?” असं ती म्हणाली, तेव्हाच लंडन बाद झालं. मँचेस्टरला जागा भरेपर्यंत कुणालाही नाव नोंदवता येतं आणि मार्ग बराचसा सपाट आहे. १९८१ च्या पहिल्या लंडन मॅरेथॉनमध्ये डिक बियर्डस्ली आणि इंगे सिमोन्सन यांनी हातात हात घालून शेवटची रेषा ओलांडली होती. आम्हालाही तसंच संपवायचं आहे, वेळ काहीही लागो. माझ्या हिशेबानं किलोमीटरला आठ मिनिटं धरली तर ४२.१९५ किलोमीटरला साडेपाच तासांच्या थोडं वर.

आता पार्करन कुठे कमी पडतं ते. पाच किलोमीटरच्या जिवावर बेचाळीस निघत नाहीत. शिवाय गर्दीत अंगात चेव येतो. शनिवारी जोर लावला की रविवारी पाय जड होतात. लांब धाव हळूहळू वाढवत तीस किलोमीटरच्या आसपास न्यावीच लागते आणि शर्यतीच्या आधी दोन-तीन आठवडे सराव कमी करत आणावा लागतो. ते पार्करन तुमच्यासाठी करणार नाही. ज्या आठवड्यात रविवार मोकळा नसतो, तेव्हा आम्ही शनिवारीच किंग्स्टन ब्रिजपासून थेम्सकाठानं हॅम्प्टन कोर्टपर्यंत धावतो, तिथून बागेत शिरून पार्करन करतो आणि धावतच घरी येतो. नदीकाठचा तो टप्पा सुमारे पाच किलोमीटरचा आहे. खिशात खजूर ठेवतो.

नव्यानं येणाऱ्यांसाठी: मार्ग सपाट आहे, पण हिवाळ्यात चिखल होतो, नवे कोरे बूट घालून येऊ नका. बागेत मोकळ्या फिरणाऱ्या हरणांपासून ५० मीटर लांब राहा, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरच्या माजाच्या दिवसांत. सुरुवातीला झुंबड असते, हळू धावणाऱ्यांनी निवांत मागे उभं राहावं. आणि एखाद्या आठवड्यात गुडघा कुरकुरत असेल तर घरी बसू नका, स्वयंसेवक म्हणून नाव द्या. चमकदार जाकीट घालून वळणावर उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाक देऊन पुढे पाठवायचं, एवढंच काम असतं.