जनावरांच्या औषधांचं दुकान: शिकायचं हॉटेलात, मोबाइलवर की गोठ्याशेजारी?

एकट्याच्या जिवावर दुकान चालवणाऱ्याला प्रशिक्षणाची फी जड जात नाही, शटर जड जातं. एक दिवस बंद म्हणजे त्या दिवसाचा गल्ला गेला, आणि नेमकी त्याच दिवशी कुणाची तरी म्हैस आजारी पडते. माझ्या धाकट्या चुलतभावाने गेल्या वर्षी कुडाळकडे जनावरांच्या औषधांचं दुकान टाकलं. परवा त्याचा फोन आला, "दादा, कंपनीची मीटिंग आहे, फार्मासिस्टांचा रिफ्रेशर कोर्स आहे, ऑनलाइन कोर्स आहे, आणि जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात येऊन बस. यातलं काय धरू?"

मुळात हवंच कशाला, असंही त्याच्या मनात होतं. त्याला डायक्लोफिनॅकची गोष्ट सांगितली. गुरांना दिलेलं हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांचे मूत्रपिंड बंद पाडतं, म्हणून २००६ पासून जनावरांसाठी ते बंद झालं. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच राहिल्या, तेव्हा २०१५ मध्ये इंजेक्शन ३ मिलीच्या एका डोसापुरतं केलं. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक ही वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद झाली. मधल्या काळात, २०१९ मध्ये, कोलिस्टिन हे अँटिबायोटिक गेलं. म्हसळ्याजवळ चिरगावला अजून गिधाडं दिसतात, आणि आपल्या काउंटरवरून काय जातं त्याच्याशी त्यांचा थेट संबंध आहे. दुकान टाकताना पाठ केलेली यादी पाच वर्षंही टिकत नाही.

कंपनीची मीटिंग सगळ्यांत सोपी. भाडं त्यांचं, जेवण त्यांचं, वर एखादी बॅग. मी तिला नावं ठेवणार नाही. साठवणुकीबद्दल मला जे नीट कळतं, ते अशाच एका मीटिंगमधून. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी, आणि बर्फाला चिकटून गोठलेली लस गरम झालेल्या लसीइतकीच वाया गेलेली असते, हे तिथे कळलं. पण त्याच हॉलमध्ये "हे औषध कधी देऊ नये?" एवढं विचारून बघ. वक्ता लेबलकडे बोट दाखवतो आणि पुढची स्लाइड येते, दहावर दोनच्या स्कीमची.

रिफ्रेशरला पर्याय नाही. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ प्रमाणे फार्मासिस्टला नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ५ वर्षांत किमान दोन, प्रत्येकी किमान एका दिवसाचे, करावेच लागतात. मी बसलो होतो त्यात "जनावर" हा शब्द दिवसभरात दोनदा आला, त्यातला एक चहाच्या वेळी. सगळा भर माणसांच्या रक्तदाबावर आणि साखरेवर. तरी शेड्यूल एच-१ चं, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवायच्या औषधांचं, रजिस्टर कसं भरायचं आणि ३ वर्षं का जपायचं, हे तिथे नीट समजलं. प्रमाणपत्र मिळतं, तपासणीच्या दिवशी घाम फुटत नाही. त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नकोस.

ऑनलाइनमध्ये भुरळ पडते ती ब्रिटनच्या कोर्सेसची. तिथे पशुवैद्यक आणि फार्मासिस्ट सोडून तिसरा एक वर्ग आहे: परीक्षा देऊन नोंदणी झालेला पशुऔषध सल्लागार. इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'रामा' होतं (आमच्या दुकानातल्या रामाला हे सांगितल्यावर तो दोन दिवस खूश होता). जंतनाशकांसारखी काही औषधं हा माणूस पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय देऊ शकतो. त्या बदल्यात त्याला ठरलेल्या मुदतीत प्रशिक्षणाचे गुण जमवत राहावं लागतं, नाहीतर नोंदणी जाते. व्यवस्था चांगली, आणि कमी डोस दिल्याने जंत कसे निर्ढावतात, हे शिकवतातही छान. पण तो कोर्स करून इथे तुला कुठलाही हक्क मिळत नाही, शेड्यूल एचमधल्या औषधांना डॉक्टरची चिठ्ठी लागतेच. शिवाय त्यांचे धडे मेंढ्यांचे आणि थंड कुरणांचे. आपल्याकडे भातखाचरातल्या गोगलगायींतून येणारा यकृताचा पर्णकृमीही वेगळ्या जातीचा. रात्री रेंज असेल तर ऐकावं, पैसे भरण्याआधी चारदा विचार करावा.

राहिला दवाखाना. माझं झुकतं माप इकडेच आहे, ते लपवत नाही.

मी दोन वर्षं शनिवारी सकाळी दोन तास बसलो. आधी कुणी येऊन "गाय दोन दिस काय खाणा नाय, कायतरी दी" म्हटलं की मी पाचक पावडर काढून द्यायचो. डॉक्टर आधी विचारायचे. व्याली कधी? रवंथ करते का? शेण कसं आहे? लघवी लाल आहे का? गोचीड आहेत का? ताजी व्यालेली गाय कान गार पडून बसली असेल तर तिला शिरेतून कॅल्शियम हवं, पावडर नव्हे, आणि ते काम दुकानदाराचं नाही. गाभण शेळीला सुरुवातीच्या दिवसांत अल्बेंडाझोल देऊ नये, म्हणून जंताच्या बाटलीआधी "गाभण आहे का?" हा प्रश्न. गणपतीला मुंबईहून चाकरमानी मांजर घेऊन येतात आणि कुत्र्याचे गोचिडाचे थेंब मागतात. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर जाऊ शकतं. तापाची पॅरासिटामॉलही मांजराला विषच.

दूध किती दिवस वर्ज्य, हेही तिथेच पक्कं झालं. लेबलवर मुदत नसेल तर नियमाने दूध-अंड्यांना किमान ७ दिवस, मांसाला २८ दिवस, माशांना ५०० अंश-दिवस. पाणी २५ अंशांवर असेल तर २० दिवस, असा त्याचा हिशोब. कंपनीच्या हॉलमध्ये हे कुणी फळ्यावर मांडलेलं मी पाहिलं नाही.

तोटेही आहेत. प्रमाणपत्र नाही. लसीकरणाची मोहीम लागली की डॉक्टर महिनाभर सापडत नाहीत. आणि सगळं त्यांच्या मर्जीवर. आणखी एक धोका आहे, तो मला स्वतःला जाणवला. चार केसेस पाहिल्या की हात शिवशिवतात, वाटतं इंजेक्शन आपणच द्यावं. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने ते काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचं आहे. शिकायचं ते 'नाही' म्हणता यावं म्हणून.

भावाला म्हटलं, रिफ्रेशर पावसाआधी उरकून टाक. कंपनीच्या वर्षात दोनच मीटिंगा घे, त्याही लस किंवा नवीन औषध असेल तरच. शनिवार मात्र सोडू नकोस. कृषी सेवा केंद्रही चालवायचं मनात असेल तर हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा ४८ आठवड्यांचा 'देसी' डिप्लोमा आहे, पण तो खतं, बियाणं, कीटकनाशकांसाठी. औषधाच्या परवान्याशी त्याची गल्लत करू नकोस. गिऱ्हाइकांत कोळंबीचे तलाववाले असतील तर रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चौकशी कर. तलावात चुकीचं अँटिबायोटिक गेलं तर अख्खा निर्यातीचा माल परत येतो.

त्याने मग विचारलं, "आणि काउंटरवरचा पोरगा?" हे माझ्या डोक्यातच नव्हतं. अर्धा दिवस बाटल्या तोच देतो, आणि निमंत्रण त्याला कुणीच धाडत नाही. संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावला, आमच्या रामाला शनिवारी पाठवू का म्हणून. म्हणाले, "पाठव. पण आधी त्याला छातीच्या घेरावरून वजन काढायची टेप धरायला शिकव."